पियानो, पॉप आणि मशीनचा ठेका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा दोघांचाच संच आहे. मी पियानो वाजवते. माझा मावसभाऊ लॅपटॉप, सिंथ (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) आणि ड्रम मशीन सांभाळतो. राहतो ठाण्यात, वाजवतो ठाणे, वाशी, नेरुळ, पनवेल या पट्ट्यात. कार्यक्रम संपला की आम्ही वायरी गुंडाळत असतो आणि लोक स्टेजपाशी येऊन विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि त्या घाईत उत्तरं अर्धवट राहतात. म्हणून इथे जरा सवडीने लिहिते.

तुम्ही शास्त्रीय वाजवता ना? मग यमन ऐकवा की!

घोटाळा शब्दाचा आहे. मराठीत ‘शास्त्रीय’ म्हटलं की राग-तालच डोळ्यांसमोर येतात. मी शिकले ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत : बाख, मोझार्ट, शोपँ, देब्युसी ही मंडळी. यमन मला ऐकायला फार आवडतो, पण पियानोवर वाजवायचं धाडस मी करत नाही. पियानोची पट्टी दाबली की स्वर तिथेच उभा राहतो, दोन स्वरांमधली वाट त्याला ठाऊकच नाही. मींड हवी असेल तर सिंथचं पिच व्हील, म्हणजे सूर सरकवायचं चाक, बरं. ते काम भाऊ करतो, आणि तेही जपून.

पियानो आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र आणताना सगळ्यांत अवघड काय जातं?

लोकांना वाटतं, आवाज. लाकूड-तारांचा आवाज आणि मशीनचा आवाज यांचं पटणार कसं? ते खरं तर चटकन पटतं. पियानोच्या सुराला सुरुवातीला ठोका असतो आणि मग तो विरत जातो. सिंथचा सूर हवा तितका वेळ धरून ठेवता येतो. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मागे हुंकार द्यायचा, इतकं सरळ आहे ते.

अवघड आहे ती लय. शोपँ वाजवणारा माणूस एक ओळ किंचित रेंगाळत संपवतो आणि पुढची जरा लगबगीने उचलतो. याला रुबाटो म्हणतात, आणि तो काढून घेतला तर शोपँमध्ये फारसं काही उरत नाही. ड्रम मशीनला मात्र मिनिटाला १०० ठोके सांगितले की १००. तुम्ही रेंगाळलात म्हणून ती थांबत नाही. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की पियानोवाली बाई तालात चुकली. पहिलं वर्षभर माझं हेच होत होतं. मग मी दुसरं टोक गाठलं आणि क्लिकला, म्हणजे मशीनच्या टिक-टिकीला, गोंदासारखी चिकटून वाजवायला लागले. भाऊ खूश! घरी रेकॉर्डिंग ऐकलं, तर टायपिंगच्या क्लासबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं.

वाट सापडली ती एका ख्यालाच्या मैफलीत, मागच्या रांगेत बसून. विलंबित चालू होतं. तबलजी ठेका सोडत नव्हते, गायिका ठेक्याला धरून गात नव्हत्या, आणि तरीही समेवर दोघं असे भेटत होते की माना आपोआप हलत होत्या. मी आयुष्यभर हे ऐकत आले होते, पण आपल्या दुखण्यावरचं औषध म्हणून त्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पुढे वाचनात आलं की शोपँ शिष्यांना सांगत असे, डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, त्याने लय सोडायची नाही. उजव्याने हवं तसं वागावं. म्हणजे तबलजी आणि गायिका दोघंही एकाच बाकावर!

तेव्हापासून प्रत्येक रचनेत आम्ही आधी सम ठरवतो. कुठे दर चार बारांनी (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), कुठे आठांनी. त्या जागी मी आणि मशीन एकत्र यायचंच. मधल्या जागेत माझा उजवा हात मोकळा. भावाचंही काम त्यामुळे बदललं. मधल्या भागात तो हाय-हॅट (झांजेसारखा बारीक ठोका) जवळपास काढूनच टाकतो, कारण बारीक किणकिण जितकी दाट तितकी माझी प्रत्येक ढिलाई उघडी पडते. समेवर एक खोल किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, मध्ये लांब पसरलेला सूर, बस्स. मशीनने कमी बोललं की माणसाला श्वास घ्यायला जागा होते.

म्हणजे वाजवताना कानात क्लिक असतो?

पॉपच्या भागात असतो, एकाच कानात. पण टिक-टिक ऐकून माझा हात आखडतो, म्हणून तिथे आम्ही तबल्याचा साधा ठेका भरून ठेवलाय. प्रेक्षकांना तो ऐकू येत नाही. दादरा कानात आणि फ्रेंच संगीतकार सॅटी बोटांत, अशी माझी अवस्था असते. सॅटीच्या ‘जिम्नोपेदी’ या रचनेला तीनचाच ताल आहे, त्यामुळे जमतं छान.

लॅपटॉपनेच तुमच्या मागे यावं, असं नाही का करता येत?

येतं. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या ११व्या आवृत्तीत, २०२१ साली, वाजणाऱ्या आवाजावरून लय ओळखून मागे येण्याची सोय आली. ढोलकी किंवा ड्रम आत सोडले तर ती झकास चालते. माझा रुबाटो सोडला तर बिचारी भांबावते. रेंगाळणं म्हणजे लय उतरली असं समजून तीही बसते खाली, आणि मग दोघं मिळून खड्ड्यात. त्यामुळे मोकळ्या लयीच्या भागात भाऊ लय पूर्ण बंद ठेवतो आणि एकेक सूर, एकेक आवाज माझ्या हाताकडे बघत हाताने सोडतो.

लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहणारा तुकडा, याबद्दलही लोक विचारतात. ‘तेच तेच पुन्हा वाजणारं हे काय संगीत?’ असं एका काकांनी विचारलं होतं. काका तबल्याचे शौकीन. मी म्हटलं, एकल तबल्याला हार्मोनियमवर लेहरा धरतात, तो काय असतो? माणसाने वाजवलेला लूपच की. तो घड्याळ असतो, म्हणून तर तबल्याला हवं ते करता येतं.

कोणत्या रचना या मिश्रणाला मानवतात?

ज्यांच्यात नक्षी एकसारखी चालते त्या. बाखच्या १७२२च्या संग्रहातला सी मेजर प्रिल्यूड घ्या. ३५ बारांपैकी शेवटचे तीन सोडले तर पहिल्यापासून एकच नक्षी, फक्त स्वरसंच (कॉर्ड) बदलत जातात. आजच्या भाषेत तो आर्पेजिएटरच आहे, म्हणजे स्वरसंचातले सूर एकामागून एक वाजवणारं सिंथमधलं यंत्र. याच प्रिल्यूडवर १८५३मध्ये गुनो या फ्रेंच संगीतकाराने स्वतःची धून चढवली होती, आणि ती जगभर गायली जाते. त्यामुळे बाखवर सिंथची ओळ चढवली म्हणून कोणी नाक मुरडलं, तर आम्ही गुनोकडे बोट दाखवतो.

सॅटीची १८८८ची पहिली जिम्नोपेदी दोन स्वरसंचांवर झुलते. दोन्ही ‘मेजर सेव्हन्थ’ जातीचे, म्हणजे आजच्या लो-फाय (संथ, मंद आवाजाच्या) गाण्यांत सारखे ऐकू येतात तेच. तिच्यावर पॉप गाण्याचा मुखडा असा अलगद बसतो की जोड कुठे आहे ते कळत नाही.

शोपँच्या ई फ्लॅट नॉक्टर्नने मला फार छळलं. बारा-आठच्या तालातला डावा हात संथ, सरळ. उजवा नुसता नखरेल. शेवटी डाव्या हातातला बास सिंथला दिला, मधले स्वरसंच मी ठेवले, आणि उजव्याला हवं तसं वागू दिलं. आता तो आमचा सगळ्यांत आवडता तुकडा आहे.

न मानवणाऱ्याही पुष्कळ आहेत. बाखच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलतात त्या रचनेत, तीन-चार आवाज आधीच भांडत असतात. तिथे बीट टाकणं म्हणजे भर गर्दीत ठाणे स्टेशनच्या पुलावर खाट टाकण्यासारखं. आणि बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’चा पहिला भाग मानवतो, पण कृपा करून थोडा आराम द्या त्याला.

पॉप गाणं आणि शास्त्रीय रचना जोडता तरी कशी?

तीन गोष्टी बघतो : स्वरसंचांचा क्रम, लय आणि पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा सूर. यात पट्टी सगळ्यांत आधी, कारण गायक पाहुणा असतो आणि त्याचा गळा बदलता येत नाही. गायिकेला काळी दोन हवी असेल तर बाखलाच हलावं लागतं. डिजिटल पियानोवर सूर बदलायचं ट्रान्सपोजचं बटण असतं, पण कानात एक आणि बोटाखाली एक असं वाजवताना माझं डोकं फिरतं. मी सरळ त्या पट्टीत बसवून घेते.

जोड कधीही मुखड्यावर करू नका, अंतऱ्याकडून मुखड्याकडे येणाऱ्या जागेत करा. तिथे ऐकणाऱ्याला काहीतरी येणार हे माहीत असतं. त्याच्याऐवजी शोपँ आला की तो दचकतो, पण रागावत नाही.

आणि डावा हात आवरा. शास्त्रीय पियानो शिकलेल्या माणसाला खालचा बास वाजवायची सवय असते. स्टेजवर तिथे सिंथचा बास आणि किक आधीच बसलेले असतात. तिघंही एकाच सप्तकात घुसले की नुसता चिखल. मी मधल्या सी-च्या एक सप्तक खाली सहसा जातच नाही. सुरुवातीला अर्धा हात कापल्यासारखं वाटायचं.

हे मूळ संगीताशी खेळणं नाही का?

आहेच. लिस्ट या पियानोवादक संगीतकाराने त्याच्या काळातल्या लोकप्रिय ऑपेरांतल्या धुनांवर पियानोच्या रचना बांधल्या, मोझार्ट स्वतःच्या कॉन्चेर्टोत (एक वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत) ऐनवेळी सुचेल ते वाजवायचा. आपल्याकडे सलील चौधरींनी मोझार्टच्या ४०व्या सिंफनीची सुरुवात १९६१च्या ‘छाया’मधल्या गाण्यात आणली आणि घराघरांत पोहोचवली. ज्या हार्मोनियमशिवाय आज आपली भजनं होत नाहीत, ती आकाशवाणीवर १९४० ते १९७१ बंद होती. शुद्धतेचं पुढे काय होतं, ते काळावर सोडलेलं बरं. वाईट मिश्रण असतंच, आम्हीही केलंय. पण त्याचं कारण बहुधा सराव कमी पडणं हे असतं.

खरा ग्रँड पियानो का आणत नाही?

तुम्ही उचलायला येणार का? कॉन्सर्ट ग्रँड पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या घरात असतो. साधा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या पुढे. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे ही नाटकांसाठी बांधलेली घरं. आम्ही जिथे जिथे वाजवलं तिथे वाद्य आपलं आपणच नेलं. मागचा दरवाजा, जिना आणि त्याआधी घोडबंदर रोडची वाहतूक. आमच्याकडे ‘टेम्पो सांभाळ’ या वाक्याला दोन अर्थ आहेत, आणि जास्त त्रास छोट्या हत्तीवाल्या टेम्पोचाच होतो.

त्यात हवा. पियानोच्या दोनशेहून जास्त तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास असतो. तो पेलते लोखंडी चौकट, पण तारा टेकलेल्या असतात त्या लाकडी साउंडबोर्डवर. जुलैत ठाण्याची हवा ओली झाली की लाकूड फुगतं आणि सूर चढतात, एसी तासभर चालला की उतरायला लागतात. दुपारी ट्यून केलेला पियानो रात्री नऊला वेगळा असतो. वाशीला एका ठिकाणी आयोजकांनी हौसेने खरा पियानो भाड्याने आणला होता. ट्यूनर सकाळी येऊन गेले आणि एसी संध्याकाळी लागला. पुढचं सांगत नाही.

खऱ्या पियानोबरोबर सिंथ वाजवताना दोघं बेसूर का वाटतात?

सिंथ ४४० हर्ट्झवर असतो, पियानो कुठेही असू शकतो. साउंडचेकला पियानोचा मधला ए मोबाइलच्या ट्यूनरवर बघा. ४४२ दाखवला तर सिंथ साधारण ८ सेंट चढवा (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर), ४३८ असेल तर तितकाच उतरवा. पियानो हलत नाही, हलायचं सिंथने. शिवाय पियानोचे वरचे सूर किंचित चढे आणि खालचे किंचित उतरे ठेवायची ट्यूनर मंडळींची रीतच आहे, कारण जाड तारांचे उपस्वर गणिताप्रमाणे वागत नाहीत. म्हणून अगदी वरच्या सप्तकात पियानो आणि सिंथ एकच ओळ एकत्र वाजवू नयेत.

डिजिटल पियानो कोणता घ्यावा?

८८ पट्ट्या, वजनदार पट्ट्या, अर्धं दाबलेलं ओळखणारं सस्टेन (सूर लांबवायचं) पेडल आणि मिडी, म्हणजे कोणती पट्टी कशी वाजली याचे संकेत, बाहेर काढायची सोय. या चार गोष्टी असल्या की नाव कोणतंही चालेल. बारा ते पंधरा किलोत चांगले मिळतात. खांद्यावर टाकून रिक्षात बसता येतं, रिक्षावाला तयार असला तर. लॅपटॉपवरचा पियानो वाजवणार असाल तर दाबाचा आलेख आपल्या हाताप्रमाणे बसवून घ्या. मिडीत पट्टी किती वेगाने दाबली ते १ ते १२७ अशा आकड्यांत मोजतात. शास्त्रीय हात हळुवार असतो, तो चाळीसच्या आसपासच फिरत राहतो आणि बीटखाली बुडून जातो.

लॅपटॉप मध्येच बंद पडला तर?

पडलाय. नेरुळला एका सोसायटीच्या कार्यक्रमात जनरेटर बदलताना वीज अर्धा सेकंद गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, पण ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी पेटी) विजेवर चालणारा, त्यामुळे आवाज गुल. माझा पियानो त्याच लॅपटॉपमधून जात होता, म्हणून मीही मुकी. समोर तीनशे माणसं आणि एक लहान मुलगा मोठ्याने विचारतोय, ‘संपलं?’

तेव्हापासून पियानोचा स्वतःचा आवाज वेगळ्या डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडायच्या छोट्या डबीतून, थेट मिक्सरला जातो. इंटरफेस आणि पियानो दोन्ही यूपीएसवर. कार्यक्रमापुरतं वायफाय बंद, अपडेट बंद, स्क्रीन झोपणं बंद. आणि प्रत्येक गाण्याचा एक नुसत्या पियानोचा शेवट मला पाठ असतो. दोनदा वापरावा लागला, लोकांना वाटलं तसंच बसवलंय.

आवाज उशिरा येण्याचं जे दुखणं आहे, त्याचा फार बाऊ करू नका. सेकंदाला ४८ हजार नमुने धरले तर १२८चा बफर (लॅपटॉप एका वेळी घेतो तो आवाजाचा घास) म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद, एकूण येऊन-जाऊन त्याच्या दुप्पट-तिप्पट. स्पीकर तीन मीटर लांब असला तर हवेतच नऊ मिलिसेकंद जातात. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यासाठीचा स्पीकर, जवळ घ्या, निम्मं दुखणं पळतं.

साउंडवाल्या दादांना काय सांगायचं?

आधी चहा. मग तीन गोष्टी. पियानो स्टीरिओ असेल तर फार पसरवू नका, नाहीतर डावीकडच्या रांगांना नुसता बास आणि उजवीकडच्यांना नुसती किणकिण. किक वाजते तेव्हा पियानोचा खालचा भाग थोडा कापा. आणि हळू-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारा कॉम्प्रेसर बेताने : पियानोचा जीव हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतरात असतो. आमच्या यादीत दोन जागी सगळं थांबून नुसता पियानो हलकेच वाजतो. तिथे आवाज वर नेऊ नका, असं आम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो. तरी काही जण नेतातच, काळजीपोटी.

खरा पियानो असेल तर सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) त्याच्यापासून लांब. पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि सबच्या धक्क्याने आपोआप घुमू लागतात. माइक तो घुमारा उचलतात आणि भोंगा सुरू.

परवानगी, वेळ आणि कॉपीराइट?

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सवलत देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्र सरकारने जाहीर केलेलं असू शकतं, ते आयोजकांनी आधी बघावं. दिवाळी पहाटेला लोक आम्हाला पाचला बोलावतात. आम्ही येतो, पण स्पीकर सहाला. तोवर फराळ.

कॉपीराइट भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. त्यामुळे बाख, शोपँ, सॅटी मोकळे. पॉप गाण्यांसाठी गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडून सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना लागतो, तो काढायचं काम सहसा आयोजकाचं. आणि मूळ रचना मोकळी असली तरी तिचं कोणी केलेलं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही, त्यातला तुकडा उचलू नका. अमेरिकी गायक एरिक कारमेनने १९७५मध्ये रशियन संगीतकार राखमानिनोव्हच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोची धून गाण्यात घेतली ती मोकळी समजून. अमेरिकेबाहेर ती तशी नव्हती, आणि मग राखमानिनोव्हच्या वारसांना उत्पन्नात वाटा द्यावा लागला. भारतात आज राखमानिनोव्ह मोकळा आहे. तो १९४३ला गेला.

माझी मुलगी पियानोच्या पाचव्या ग्रेडला आहे. तिने हे आत्ताच सुरू करावं का?

ग्रेड चालू द्या, त्यात हात तयार होतो. सोबत तीन सवयी लावा. एक, आवडत्या गाण्याचे स्वरसंच कानाने काढणं, कागद न बघता. दोन, पाठ असलेली रचना मोबाइलवरच्या तबल्याबरोबर वाजवणं. आधी अगदी ठेक्यात, मग मुद्दाम रेंगाळून समेला परत येणं. तीन, दुसरं कोणी वाजवत असताना गप्प बसणं. पियानोच्या मुलांना हे फार जड जातं, कारण त्यांना कायम एकट्याने सगळं वाजवायची सवय असते. मलाही जड गेलं. भावाने एकदा तालमीत माझ्या डाव्या हाताखाली वही ठेवली होती.

कोल्डप्लेसारखं वाजवता का?

जानेवारी २०२५मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाल्यापासून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. त्यांचा गायक स्वतः पियानोवर बसतो, त्यामुळे आमच्यासारख्यांना बरे दिवस आले हे खरं. पण स्टेडियमचा आवाज सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मागू नका. तिथे दोन स्पीकर आणि वर फिरणारा पंखा असतो.

लग्नात वाजवता?

स्वागत समारंभात हो, वरातीत नाही. पियानोला चाकं असतात, पण त्यासाठी नसतात.